दोन म्हणायचं

माझ्या पोटावर शेवटचे टाके पडत होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन सर भांडत होते.

भांडत होते म्हणजे आवाज काही चढलेले नव्हते. ऑपरेशन थिएटरात मोठी माणसं हळू आवाजात भांडतात, आणि ते जास्त झोंबतं. डावीकडे घैसास सर, आमच्या भूल विभागाचे प्रमुख, चष्म्याच्या वरून बघायची सवय असलेले. उजवीकडे पठाण सर, विभागात त्यांच्या खालोखालचे, आणि घैसास सरांनी 'नाही' म्हटलं की हमखास 'का नाही' विचारणारे. मध्ये मी. दोघांचीही विद्यार्थिनी, एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला, कमरेखाली बधिर, दोन्ही हात पसरून आडवी. आणि वाद कशावरून, तर भूल उतरल्यावर माझं पोट दुखू नये म्हणून सुई कुठून टोचायची यावरून.

माझं लक्ष तिथं नव्हतंच. माझा मुलगा दीड महिना आधी आला होता. माझं ब्लडप्रेशर एकाएकी चढलं म्हणून सकाळी सकाळी त्याला घाईने बाहेर काढावं लागलं. माझ्या गालाला लावला न लावला तोच दुपट्यात गुंडाळून त्याला वरच्या मजल्यावर नेलं, कमी दिवसांच्या बाळांच्या विभागात. रडला होता, पण ते रडणं मांजराच्या पिलाएवढं. मी तेच रडणं मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि हे दोघं माझ्या पोटाची वाटणी करत होते.

वाद काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ती भूल काही तासांत उतरते, आणि मग टाके असे ठणकायला लागतात की बाई कुशीवर वळायचंही नाव काढत नाही. त्यावर एक फार सुंदर उपाय आहे. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे एकावर एक थर असतात, आणि त्यांच्या मधल्या फटीतून दुखण्याची खबर नेणाऱ्या नसा जातात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी त्या फटीत न्यायची आणि तिथं बधिर करणारं औषध सोडायचं. खबर देणारेच झोपले की झालं. घैसास सर हे पोटाच्या बाजूने करत. पठाण सर हैदराबादेत नवं शिकून आले होते, ते पाठीकडून, कमरेच्या स्नायूला खेटून करत. यावरून विभागात दोन तट पडले होते, इतके की चहासुद्धा वेगवेगळा मागवला जाई. शेवटी या दोन पद्धतींची तुलना हाच माझा प्रबंधाचा विषय ठरला. "एकदाचं काय ते सिद्ध करून टाक," असं दोघांनी मला वेगवेगळं बोलावून सांगितलं, आणि काय सिद्ध करायचं ते दोघांनीही गृहीत धरलं होतं.

सिद्ध करायचं म्हणजे बायकांना विचारायचं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकं दुखतं, तर तुम्हाला किती? आमचं कॉलेज मराठवाड्यातलं, सरकारी. नाव कशाला सांगू? तिथल्या बायकांना दहापैकी वगैरे भानगड पसंत नव्हती. "रुपयात आठ आणे दुखतंय बगा," म्हणायच्या. सोळा आण्यांचे दहा भाग करता करता मी टेकीला यायचे. मग मी रोज सकाळी वॉर्डात शिकवणीच घ्यायला लागले, हाताची दहा बोटं नाचवून. आणि काय आश्चर्य, महिना-दोन महिन्यांत आणे बंद झाले. बायका पटापट आकडे सांगायला लागल्या. विशेषतः ज्यांची बाळं वरच्या मजल्यावर होती त्या तर किती स्पष्ट! मी विचारायच्या आत "दोन" म्हणून मोकळ्या. माझी शिकवणी फळाला आली म्हणून मी कोण खूश झाले.

"ही आपल्या घरची पोरगी आहे," घैसास सर म्हणत होते. "हिच्यावर नवे प्रयोग नकोत. माझी पद्धत."

"घरची आहे म्हणूनच माझी," पठाण सर म्हणाले.

टाके घालणाऱ्या बाई वैतागून म्हणाल्या की त्यांचं काम संपलंय, टेबल मोकळं करायचंय. मग घैसास सरांनी खाली माझ्याकडे पाहिलं आणि दीडशहाणा तोडगा काढला. डावी बाजू माझी, उजवी तुमची. नंतर हिलाच विचारू.

"मंजूर," पठाण सर म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

असला प्रकार जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसेल. दुसऱ्या कुठल्या बाईच्या बाबतीत त्यांनी असं स्वप्नातही केलं नसतं. औषधाचं माप मात्र दोघांनी काटेकोर निम्मं निम्मं घेतलं, ते त्यांच्या रक्तातच होतं. डॉक्टरच पेशंट झाला की त्याचे असले लाड होतात आणि लाडापायीच घोळ होतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी कुणी करायचं थांबत नाही.

मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्या पडद्यावर कितीतरी पोटं बघितली होती, स्वतःचं पहिल्यांदाच. राखाडी थर, त्यांत चमकणारी सुई, आणि मग दोन थरांच्या मध्ये एक काळी फट हळूच उघडली, झोपलेल्याने डोळा उघडावा तशी. आत आपण असे असतो हे मला पाठ होतं. तरी अंगावर काटा आला.

स्पेशल रूमच्या छताला गळती लागली होती, म्हणून मला बाळंतिणींच्या साध्या वॉर्डातच खाट मिळाली. आई येऊन बसली होतीच. मी डॉक्टर असले तरी तिच्या लेखी मी बाळंतीण होते, त्यामुळे आल्या आल्या तिने माझ्या कानांवरून, हनुवटीखालून फडकं आवळून बांधलं. वारं शिरतं म्हणे. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं. मग ती माझ्या नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली. तो नाशिकहून निघाला होता, पोचायला रात्र होणार होती.

दुपार कलली तशी बाळांच्या विभागातल्या डॉ. वानखडे खाली आल्या. मोजकं बोलणारी बाई. माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"तसा बरा आहे," त्या म्हणाल्या. "पण श्वास घ्यायला विसरतोय."

मला हे माहीत होतं. कमी दिवसांची बाळं विसरतात. मध्येच थांबतात, आणि कुणीतरी तळपायाला टिचकी मारली की दचकून पुन्हा सुरू होतात. पुस्तकात हे एका ओळीत असतं. त्या ओळीला माझा मुलगा लटकला होता.

"टिचक्या किती वेळ मारणार?" त्या म्हणाल्या. "एक सिस्टर आणि अकरा बाळं. आईच्या उघड्या छातीवर ठेवलं तर पुष्कळदा लय सापडते. नळ्या लावल्यात, खाली आणता येणार नाही. तुला वर येता येईल? तासभर तरी ताठ बसावं लागेल. रात्र व्हायच्या आत आलीस तर बरं."

येते म्हणाले. त्या गेल्या, आणि जणू त्यांच्या जाण्याचीच वाट बघत असल्यासारखी भूल उतरली.

काय सांगू. माझी एक बाजू शांत होती, अगदी शहाण्या मुलीसारखी. आणि दुसरी बाजू पेटली होती. बेंबीच्या खाली मधोमध कुणी रेघ मारावी, आणि रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे भट्टी. कुठली बाजू कुठली ते मी सांगणार नाही. दोघेही सर हयात आहेत आणि दिवाळीला दोघांचेही फोन येतात. एवढंच सांगते की इतके दिवस जे आकडे मी बायकांकडून मागत होते, त्यांतला नऊ कसा असतो ते मला त्या दुपारी कळलं. खोकला आला तर तो गिळून टाकावा लागत होता.

आणि इथंच खरी अडचण होती. आमच्या वॉर्डात एक नियम होता. दुखणं चारच्या वर गेलं की त्या बाईला गुंगीचं जोरदार इंजेक्शन द्यायचं, खाटेला कठडे लावायचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला उठू द्यायचं नाही. वर जायचं तर मुळीच नाही, कारण लिफ्ट नावापुरती होती आणि जिन्यात एका बाईला चक्कर आली होती. नियम चांगला होता. माझ्या प्रबंधासाठी मीच लिहून घैसास सरांकडून मंजूर करून घेतला होता.

संध्याकाळी दोघेही सर विचारायला येणार होते. नऊ सांगितलं तर मी रात्रभर गुंगीत पडून राहणार आणि तो वर एकटा विसरत राहणार. मी छताकडे बघत पडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहून कानावरच्या फडक्यात मुरत होतं.

"नवीन हायसा?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

बावीस-तेवीसची पोरगी. आदल्या दिवशीच सिझेरियन झालेलं. नाव चतुरा, गाव परळीकडलं. तिनं मला यापूर्वी कधी बघितलं नव्हतं, कारण ती आली तोवर मी रजेवर गेले होते. तिला दिसत होती ती कान बांधलेली एक रडवेली बाळंतीण.

"लेकरू वर हाय का तुमचं?"

मी मान हलवली.

मग ती शाळेतली पोरगी उत्तर पुरवते तशी माझ्याकडे कलली. एक डोळा सिस्टरच्या टेबलाकडे ठेवून म्हणाली, "आता डाक्टर येतील. किती दुखतं म्हून इचारतील. धापैकी सांगायचं असतं. तुमी दोन म्हनायचं."

मी मान तिच्याकडे वळवली.

"चारच्या वर म्हनलं की सुई टोचून निजवत्यात. मंग लेकरू वर अन् आपन हितं. म्हून दोन. ध्यानात ठिवा."

"मग शून्यच सांगितलं तर?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"नगं, नगं! शून्य नाय म्हनायचं. एक मॅडम हाय, तिला संवशय येतो. शून्य म्हनलं की पोट दाबून बगती. आता ती रजेवर हाय म्हनं, पन काय सांगावं. दोनच बरं."

ती मॅडम मीच. शून्य म्हणणाऱ्या बाईचं पोट मी दाबून बघायचे. शास्त्रच होतं ते.

हे तिला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. माझ्या या खाटेवर आधी होती तिनं, म्हणाली. तिला तिच्या आधीचीनं. हे असंच चालत आलंय, नवीन बाई आली आणि तिचं लेकरू वर असलं की शेजारणीनं सांगायचं. मग तिनं मला जिना कसा चढायचा तेही सांगितलं. सरळ चढायचं नाही, भिंतीकडे तोंड करून आडवं चढायचं. लघवीची पिशवी हातात न धरता गाऊनला अडकवायची. उशी पोटाशी दाबून धरायची. जिन्यात बोलायचं नाही, वर पोचल्यावर रडायचं. तिचं सगळं ठरलेलं होतं आणि ती ते मला मोठ्या मायेनं देत होती.

अंधार पडायच्या सुमारास दोघेही सर आले. घैसास सर माझ्या डावीकडे उभे राहिले, पठाण सर उजवीकडे, सकाळी होते तस्सेच. आपापल्या बाजूला. घैसास सरांनी घसा खाकरला.

"टाकसाळे, माझ्या बाजूला किती?"

दोघेही इतक्या आतुरतेनं बघत होते की एरवी मला हसू फुटलं असतं. खोटं मला लहानपणापासून जमत नाही, माझे कान लाल होतात. आईच्या फडक्याचे त्या दिवशी उपकार झाले.

"दोन," मी म्हणाले.

"आणि माझ्या बाजूला, बेटा?" पठाण सर.

"दोन."

दोघांचेही चेहरे सारखेच पडले. बरोबरी कुणालाच नको होती. मी श्वास रोखून हसरी राहिले. पलीकडे चतुरा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती. वॉर्डातल्या साळवे सिस्टरनी आकडा ऐकला, कठडा खाली केला आणि म्हणाल्या, जा वर, पण हळू.

त्या जिन्यानं मी तीन वर्षं रोज दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेले-आले होते. त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून, उशी पोटाशी धरून, आईच्या खांद्यावर एक हात टाकून एकेक पायरी चढले. आणि माझ्या नाकासमोर मला ते दिसलं. भिंतीचा पिवळा ऑइलपेंट एका उंचीवर, पार खालपासून वरपर्यंत, काळा आणि गुळगुळीत झाला होता. तळहातांनी. दर पायरीला तळहात. मला थांबावं लागलं. आईला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, नाही, आणि माझाही हात तिथं टेकवला. तो बरोबर बसला.

वरच्या मजल्यावर बाळांच्या विभागाला लागून एक लांबट खोली आहे. भिंतीला लावून खुर्च्या, आणि खुर्च्यांत बायका, ब्लाऊजच्या आत उघड्या छातीवर आपापलं मूठभर लेकरू घेऊन बसलेल्या. मी आत गेले आणि माझे पायच थबकले. त्यातल्या निम्म्याअधिक मी ओळखत होते. या माझ्या बायका होत्या, माझ्या प्रबंधातल्या. पोटाच्या बाजूने सुई घेतलेल्या, पाठीकडून घेतलेल्या. दोन, दोन, दोन. मी त्यांना खाटेवरच बघितलं होतं. बघितलं म्हणजे काय, आकडा घेतला होता आणि पुढं गेले होते.

"अगं बया, मॅडम?" कोपऱ्यातली एक उंच बाई म्हणाली. लंका तिचं नाव, तीन आठवड्यांपासून इथंच होती. "तुमी? तुमाला कुनी सोडलं वर?"

माझी एक बाजू धगधगत होती, घामानं गाऊन चिकटला होता. मी खुर्चीचा दांडा धरला.

"दोन सांगितलं," मी म्हणाले.

लंकाच्या खांद्यांना गचके बसायला लागले. तिच्या शेजारणीनं तोंडात पदर कोंबला. आणि सगळी खोली हसायला लागली, आवाज न करता, एका हातानं लेकरू आणि दुसऱ्या हातानं टाके धरून. "हसवू नगा हो," एकजण कळवळली आणि आणखी हसली. मीही हसत होते, विव्हळत होते, आणि डोळ्यांतून धार लागली होती. इतकं दुखत असताना इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

डॉ. वानखडेंनी त्याला आणलं. नाकात नळी, पायाला यंत्राचा तांबडा दिवा लावलेला, आणि काय तो एवढासा जीव. त्यांनी त्याला माझ्या छातीवर पालथा ठेवला आणि वरून दुपटं पांघरलं. मी शांत असलेल्या बाजूवर रेलून बसले. त्याचं वजन मला जाणवतच नव्हतं, फक्त ऊब जाणवत होती. मी खाली मान घालून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली. आणि मग काहीच नाही.

यंत्र वाजायला लागलं. डॉ. वानखडेंचा हात टिचकीसाठी पुढे आला, आणि थांबला.

"मॅडम," लंका हळूच म्हणाली, "तुमी घ्या की श्वास. तुमीच धरून बसलाव."

खरंच होतं. मी कधीपासून श्वास रोखला होता मलाच कळलं नव्हतं. पेटलेल्या बाजूनं प्रत्येक श्वासाला डोळ्यापुढं काजवे चमकायचे, म्हणून मी जमेल तेवढा टाळत होते. मी श्वास घेतला. पोटभर घेतला, भट्टीसकट. माझी छाती वर आली, तिच्याबरोबर तो वर आला, खाली गेला. दुसरा घेतला. आणि त्या दुसऱ्या श्वासाच्या शेवटी त्याची एवढीशी पाठ आपणहून फुगली. यंत्र वाजायचं थांबलं. मी श्वास घेत राहिले आणि तो माझ्यामागून घेत राहिला. मी भूल देणारी डॉक्टर आहे. लोकांचा श्वास चालू ठेवणं हाच माझा पेशा. तरी श्वास म्हणजे काय हे त्या खुर्चीत बसून मी पहिल्यांदा पाहिलं, आणि थक्क होऊन बघतच राहिले. तासभर म्हणाल्या होत्या, मी रात्री नवरा येईपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर मी नाही म्हणून दोघे सर शोधत शोधत वर आले. लिफ्ट बंद होती. घैसास सर धापा टाकत होते. मी पुन्हा त्याच खुर्चीत, तो छातीवर झोपलेला. रात्रीत तो एकदाच विसरला होता.

घैसास सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. डावीकडे किती, उजवीकडे किती.

"सर, आधी तो चारचा नियम काढा," मी म्हणाले. "मग खरं सांगते."

"म्हणजे काल खोटं सांगितलंस?"

"मी एकटीनं नाही. या खोलीतल्या एकीलाही दोन दुखत नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. चतुराचं नाव घेतलं नाही. प्रबंध गेल्यात जमा होता, परीक्षा सहा महिने पुढं जाणार होती, ते सगळं बोलता बोलता माझ्याही लक्षात येत होतं. पण माझ्या छातीवर तो होता आणि मला कशाचं काही वाटत नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगून टाकते. नियम त्याच दिवशी गेला. कितीही दुखलं तरी बाईला वर न्यायचं, चाकाच्या खुर्चीतून, दोन माणसं लावून, आणि दुखतंय म्हणाली तर गुंगी न येणारं औषध द्यायचं, असं ठरलं. लिफ्टसाठी घैसास सर डीनच्या केबिनमध्ये जाऊन बसले ते दुरुस्तीवाला येईपर्यंत उठले नाहीत. माझी तुलना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की तुमच्या कॉलेजात मागच्या वर्षापेक्षा बायकांना एवढं जास्त का दुखायला लागलं. कुठली पद्धत सरस ठरली ते प्रबंधात छापलंय, ज्याला हवं त्यानं वाचावं. माझा मुलगा आता नववीत आहे. डबा विसरतो, छत्री विसरतो, काल सायकल विसरून चालत घरी आला. बाकी ठीक आहे.

पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. माझं बोलणं संपलं आणि दोघे सर त्या लांबट खोलीत नुसते उभे होते. घैसास सरांचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पठाण सर पुढं झाले आणि लंकासमोर उकिडवे बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"ताई," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी वर आलात, तेव्हा किती होतं?"

लंकानं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"खाली धाडनार नाय ना?"

"नाही. जबान देतो."

तिनं लेकराच्या डोक्यावरून पदर सारखा केला.

"मंग नऊ लिवा," ती म्हणाली.

"माजं आठ," तिच्या शेजारची म्हणाली.

"धा," पुढची.

कुणी विचारलं नव्हतं, तरी खुर्चीमागून खुर्ची आकडे येत गेले. नऊ. दहा. आठ, पण रातच्याला दहा. मला सांगता येत नाही, जीव जाईल इतकं. शेवटच्या खुर्चीवरच्या पोरीनं तोंडानं आकडा सांगितलाच नाही, लेकराखालून एक हात काढून पाची बोटं दाखवली आणि मग तीच बोटं पुन्हा दाखवली.

घैसास सरांनी चष्मा काढून हातात धरला होता. एवढा मोठा माणूस, पण त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आणि तुम्ही सगळ्या जणी चालत आलात? जिन्यानं?"

लंकाला तो प्रश्नच कळेना. तिनं इकडंतिकडं बघितलं, कुणी समजावून सांगतंय का म्हणून.

"मंग?" ती म्हणाली. "लेकरू थोडंच खाली येनार व्हतं?"